नळाचं पाणी, विरजण आणि सहा गोल्डफिश

नमस्कार बाई,

आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगी तिसरीत आहे. तिच्या वाढदिवसाला दोन फुटी काचेची टाकी आणि सहा छोटे गोल्डफिश आणले. दीड-दोन महिने सगळं छान चाललं होतं. दर दुसऱ्या रविवारी मी टाकी पूर्ण रिकामी करतो, खडे आणि फिल्टरचा स्पंज खळखळून धुतो आणि ताजं पाणी भरतो. एरवी गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतो, पण गेल्या रविवारी मोटर बिघडली होती, म्हणून खालच्या नळाचंच भरलं. पाणी जरा गढूळ होतं, तुरटी फिरवली. औषधासारखा वासही येत होता. मासे सोडल्यावर तासाभरात ते वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. संध्याकाळपर्यंत दोन गेले. बुधवारपर्यंत आणखी तीन. आता एकच उरलाय. दुकानदार म्हणतो औषध टाका, सासूबाई म्हणतात उकळून गार केलेलं घाला, शेजारचे म्हणतात आरओचं घाला आणि वॉचमन म्हणतो सोसायटीच्या बोअरचं घाला. नक्की कुठलं पाणी घालू? आणखी एक. मुलीला मी सांगितलंय की पाच मासे दुकानात तपासायला दिलेत. तसेच दिसणारे पाच आणून गुपचूप सोडावेत का?

— एक बाबा, विश्रामबाग, सांगली

नमस्कार,

अहो, तुमच्या पत्रातली खरी मेख तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मोटर बिघडली होती! माझा अंदाज असा, की पहिले दोन मासे त्या बिघडलेल्या मोटरीपायी गेले आणि नंतरचे तीन तुमच्या स्वच्छतेपायी. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. म्हणून तर दुकानदारापासून वॉचमनपर्यंत चौघांचे चार सल्ले ऐकूनही तुमचं समाधान होत नाहीये.

आधी मोटरीचं बघू. कृष्णेचं पाणी उपसून, तुरटीने गाळ बसवून, गाळून आपल्याकडे येतं आणि निघताना त्यात क्लोरीन मिसळलेला असतो. वाटेत कुठे पाइपात घाण शिरली तरी जंतू मरावेत म्हणून तो नळाच्या टोकापर्यंत थोडा शिल्लक राहावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ही शिल्लक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितली आहे. साथीची भीती असली तर ०.५. आपल्याला एवढ्याने काही होत नाही, आपण पाणी पितो आणि पोट ते निस्तरतं. मासा मात्र ते पाणी चोवीस तास कल्ल्यांतून फिरवत असतो. कल्ल्यांची कातडी इतकी पातळ, की पलीकडे लगेच रक्त. ०.२ चा दहावा हिस्सा क्लोरीनही माशाला सुखाचा नाही. कल्ले भाजतात, प्राणवायू आत घेता येत नाही, म्हणून मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. तुम्हाला तो भुकेला वाटला असेल.

मग आधीचे दोन महिने काही का झालं नाही? कारण तेव्हा पाणी गच्चीवरून येत होतं. काळ्या टाकीत रात्रभर पडून, दिवसा तापून त्यातला बराच क्लोरीन उडून गेलेला असायचा. म्हणजे तुम्ही नकळत योग्य तेच करत होता. त्या रविवारी मात्र थेट नळाचं, आणि तेही पावसाळ्यातलं. नदीला तांबडं पाणी आलं की त्यात माती, पालापाचोळा, काय काय असतं. क्लोरीनचा बराचसा भाग त्या घाणीतच खर्ची पडतो. तरीही शेवटच्या नळापर्यंत शिल्लक राहावी म्हणून डोस वाढवावा लागतो. तुम्हाला आलेला औषधी वास त्याचाच. हे आपल्या भल्यासाठीच आहे. पावसाळ्यात नळाला तो वास अजिबात आला नाही तर मला जास्त काळजी वाटते.

मी शहाणपण शिकवतेय असं वाटू नये म्हणून माझी फजिती सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्ही पाहिला असेलच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेलो. वीज नाही, नळ नाही, एअर पंप बंद. माझ्याकडे तेव्हा एंजल माशांची एक जोडी होती, चार वर्षं सांभाळलेली. आम्ही घरातली माणसं पाळीपाळीने तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वरून धार सोडायचो, म्हणजे हवा मिसळेल. रात्रीसुद्धा गजर लावून. जोडी जगली. पूर ओसरला, नळाला पाणी आलं आणि टाकी इतकी घाण दिसत होती, की मला राहवेना. निम्मं पाणी काढलं आणि नळाचं तसंच ओतलं. आयुष्यभर पोरांना क्लोरीनची समीकरणं फळ्यावर लिहून दिलेली बाई मी! दुपारपर्यंत जोडी गेली. पुरातून वाचवलेले मासे मी नळाखाली मारले. त्यामुळे तुम्हाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

आता बुधवारपर्यंत गेलेले तीन. क्लोरीनचा मार शक्यतो काही तासांत किंवा फार तर दिवसभरात दिसतो. तीन-तीन दिवस रेंगाळून मासे जातात तेव्हा मला संशय येतो अमोनियाचा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येतो, उरलेलं खाणं कुजूनही येतो. तो विषारी. पण चांगल्या चाललेल्या टाकीत तो साठत नाही, कारण स्पंजवर, खड्यांवर, काचेवर काही जिवाणू वस्ती करून असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही वाईटच, नायट्रेट बऱ्यापैकी सोसण्यासारखं. स्पंज चिकट, तपकिरी होतो ती ही वस्ती.

घरात दही लावता ना? भांडं कितीही लख्ख घासा, विरजण नसेल तर दूध नासेल, दही होणार नाही. फिल्टरचा स्पंज म्हणजे टाकीचं विरजण. तुम्ही दर पंधरा दिवसांनी ते खळखळून धुवून टाकत होता. गच्चीवरच्या पाण्यात क्लोरीन कमी असल्यामुळे थोडंफार उरायचं आणि पुन्हा वाढायचं. या वेळी क्लोरीनच्या पाण्यात धुतलंत, आणि क्लोरीन तर जिवाणू मारण्यासाठीच असतो. सोमवारपासून उरलेल्या चार माशांचा अमोनिया निस्तरायला टाकीत कुणीच नव्हतं.

तुरटीने भर घातली. तुरटीने पाण्याचा आम्लपणा थोडा वाढतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, सांभाळून धरणारे क्षार खर्ची पडतात. शिवाय गाळाबरोबर खाली न बसलेलं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी मोजून घालतात आणि नंतर पाणी गाळतात. आपण बादलीत हाताने किती वेळा फिरवली, त्याला काही हिशोब नसतो. आजी हंड्यात तुरटी फिरवायची ते प्यायच्या पाण्यासाठी ठीक होतं, माशांच्या टाकीत नको. गढूळ पाणी बादलीत रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं निवळ हळूच ओतून घ्या किंवा जुन्या धुतलेल्या पंचातून गाळा. थोडा गढूळपणा राहिला तरी मासे तक्रार करत नाहीत. नदीत ते त्यातच राहतात.

आता तुमच्या चार सल्लागारांकडे येऊ.

सासूबाईंचं चूक नाही. उकळल्याने क्लोरीन जातो. पण त्याबरोबर पाण्यात विरघळलेला प्राणवायूही जातो, म्हणून गार झाल्यावर तांब्याने वर-खाली करून हवा मिसळावी लागते. आणि पंधरा-वीस लिटर पाणी दर आठवड्याला उकळायचं म्हणजे अर्धं सिलिंडर माशांच्या नावावर. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण गॅस वाचवा.

आरओचं पाणी तर अजिबात नको. त्यातले क्षार जवळपास निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएच सांभाळायला काही उरत नाही आणि तो कधी घसरेल सांगता येत नाही. त्यात पुन्हा मोजून क्षार मिसळणारे शौकीन असतात, पण ते पुढचे धडे आहेत.

बोअरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात हा मोह सगळ्यांना होतो. क्लोरीन नाही, फुकट आहे, मग का नको? कृष्णाकाठची किती जमीन क्षारपड झाली आहे हे तुम्ही जाणताच. जमिनीतले क्षार बोअरच्या पाण्यात उतरतात. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, साबणाला फेस येत नाही, ते हेच. असं जड पाणी मोली आणि गप्पींना मानवतं, गोल्डफिशही सोसतात, निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना नाही. पण एक मोठी अडचण आहे. जड पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो आणि पीएच एका अंकाने वाढला की अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहापट होतो. ज्या टाकीचं विरजण मेलंय, तिथं बोअरचं पाणी ओतणं म्हणजे आगीत तेल. शिवाय नळाच्या पाण्याला सवयलेला मासा एकदम जड पाण्यात टाकला तर त्याचाही धक्का बसतो. वॉचमनदादांना सांगा, पुढे कधी गप्पी पाळल्या तर त्यांचं ऐकू.

दुकानदाराचं 'औषध' कुठलं ते बाटली बघून ठरवा. रोगावरचं निळं-हिरवं औषध असेल तर नको, काही औषधं उरलेले जिवाणूही मारतात. पण बाटलीवर अँटीक्लोरीन असेल तर तो माणूस बरोबर बोलतोय. बहुतेक अँटीक्लोरीनमध्ये मुख्य माल एकच, सोडियम थायोसल्फेट. म्हणजे हायपो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयोडीन मोजायच्या प्रयोगाला हेच वापरतात. जुन्या फोटो स्टुडिओंत फिल्म धुवायला हेच लागायचं. पांढरे, साखरेसारखे खडे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे सुटे मिळतात आणि वर्षभर पुरतात.

हिशोब सोपा आहे. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण सात मिलिग्रॅम हायपो धरतात. दहा ग्रॅम खडे शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा, बाटलीवर ठळक अक्षरात नाव लिहा आणि मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून, दहा लिटर पाण्याला पुरतो. पावसाळ्यात वास उग्र असेल तर दोन. काम मिनिटभरात होतं. थोडं जास्त पडलं म्हणून घाबरू नका, पण 'असू दे आणखी' म्हणून ओतूही नका, जादा हायपो पाण्यातला थोडा प्राणवायू खातो. विकतची बाटली असेल तर तिच्यावरचं माप पाळा, माझं नाही.

हायपोही नको असेल तर काळ मदतीला आहे. रुंद तोंडाची बादली भरून चोवीस तास उघडी ठेवा. उन्हात ठेवली किंवा एअर पंपाची नळी सोडली तर आणखी लवकर. उंच, अरुंद कॅनमध्ये तेच पाणी ठेवलं तर क्लोरीन सावकाश जातो, हवेला पृष्ठभाग मिळायला हवा. डासांचं म्हणाल तर एका दिवसात काही होत नाही, तरी वर जाळीचं कापड टाका. पावसाळ्यात मी दोन्ही करते. रात्रभर पाणी ठेवते आणि सकाळी हायपोही घालते, कारण गढूळ दिवसांत पाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीनची जोडी जमली तर ते संयुग नुसतं ठेवल्याने सहज उडत नाही. हायपो ती जोडी तोडतो. सुटलेला थोडा अमोनिया मग विरजण सांभाळतं, असलं तर.

गावाकडे तुमचे कुणी असतील आणि विहिरीचं पाणी वापरत असतील तर एक ध्यानात ठेवा. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते त्या दिवशी ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही तिखट असू शकतं. गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन ओळखायच्या ओटी चाचणीची बाटली असते. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, आणि जितकं गडद तितका क्लोरीन जास्त. तशीच छोटी किट मत्स्यालयाच्या दुकानातही मिळते. नाकावर भरवसा ठेवू नका, माझ्या नाकाने मला २०१९ मध्ये काही सांगितलं नव्हतं.

आणि बादली प्लास्टिकची, फक्त माशांची, साबण न लागलेली. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आपल्याला चांगलं म्हणतात, माशांना मुळीच नाही. तांबं त्यांना विष आहे, गोगलगाय आणि झिंग्यांना तर फारच.

आता उरलेल्या एकाचं. तुमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असेल तर काठोकाठ साधारण ५५ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा सोडून ४५ धरा. आजपासून आठवडाभर रोज दहा लिटर पाणी काढायचं आणि दहा लिटर तयार केलेलं पाणी घालायचं. घालण्याआधी एक हात बादलीत आणि एक टाकीत बुडवून बघा, फरक जाणवला तर थांबा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येतं ते तर आंघोळीचं पाणी असतं. घालायचं तेही हळू, वाटीवर धार सोडून. खाणं दोन दिवस बंद, नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिश उपाशी मरत नाही, तो आपल्या प्रेमाने मरतो. एअर पंप दिवसरात्र चालू.

विरजण मिळवा. ओळखीत कुणाची वर्ष-सहा महिने निरोगी चाललेली टाकी असेल तर त्यांचा फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या आणि ते तपकिरी, घाणेरडं पाणी तुमच्या फिल्टरपाशी ओता. घरच्यांना किळस येईल, येऊ दे. अर्धा स्पंजच कापून मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळालं तर चार ते सहा आठवडे धीर धरावा लागेल, वस्ती आपोआप बसते. यापुढे स्पंज नळाखाली न्यायचाच नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस. खडे बाहेर काढायचे नाहीत, नळीने वरवरची घाण ओढून घ्यायची. दर आठवड्याला फक्त चौथा हिस्सा पाणी बदलायचं. आणि नुसती उडालेल्या पाण्याची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पाणी उडतं, त्यातले क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

आता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुमचा खरा प्रश्न आहे. पाच मासे गुपचूप आणू नका. एक तर विरजण नसलेल्या टाकीत तेही जातील आणि 'तपासायला दिलेत'चा दुसरा भाग तुम्हाला रचावा लागेल. दुसरं म्हणजे पंचेचाळीस लिटरला सहा गोल्डफिश मुळातच जास्त होते. आता बोटाएवढे दिसतात, वाढले की तळहाताएवढे होतात. दोन पुरे, तेही दाटीवाटीनेच. आणि तिसरीतली मुलगी आपल्या माशाचा कुठला ठिपका कुठे होता हे तुमच्यापेक्षा चांगलं ओळखते. तिला सांगून टाका, बाबांनी पाणी चुकीचं घातलं. रडेल, तुमच्यावर दोन दिवस रागावेलही. मग तिला वही द्या आणि पाण्याचं खातं तिच्याकडे सोपवा. कुठल्या दिवशी किती लिटर काढलं, हायपो किती घातला, मासा खाल्ला का, सगळं तिच्या अक्षरात. हायपो मोजायचा तुम्ही, लिहायचं तिने. सहा आठवडे वही नीट भरली की तिलाच दुकानात घेऊन जा आणि दुसरा मासा तिला निवडू दे. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालायचं, मग मासा जाळीने सोडायचा, दुकानाचं पाणी आत ओतायचं नाही. हेही वहीत.

उरलेल्याचं नाव काय ठेवलंय, ते मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत. तिला विचारून कळवा.